रायगड किनाऱ्यावरील श्रमजीवनाचा मौखिक इतिहास : मिठागर, खारभूमी आणि मासेमारी

प्रस्तावना :

कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान यांचे गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासाचा अभ्यासक प्रथम याच ग्रंथाकडे वळतो. बंदरे, होड्या, मिठागरे, भातशेती, जमीनधारणेचे प्रकार, महसूल आणि लोकवस्तीचे जातवार वर्णन अशी विपुल माहिती त्यात आहे. ही माहिती गोळा करण्यामागे राज्यकारभाराची गरज होती. त्यामुळे मिठावरील कर, शेताचा आकार आणि बंदरातील मालाची उलाढाल यांची नोंद झाली. मिठागराच्या तळावर अनवाणी उभे राहून मीठ ओढणाऱ्या मजुराच्या दिवसाची नोंद झाली नाही. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. तथापि दप्तरातील ही उणीव तशीच राहिली.

सर्वसामान्य माणसाच्या कामाची हकिकत त्याच्याच तोंडून ऐकून नोंदविणे हा ही उणीव भरून काढण्याचा प्रमुख मार्ग होय. रायगडच्या किनाऱ्यावर, विशेषतः उरण, पनवेल, पेण आणि अलिबाग या तालुक्यांत, गेल्या पाच-सहा दशकांत जमीन, खाडी आणि रोजगार यांत मूलभूत बदल घडले. ज्यांनी जुने व्यवसाय स्वतःच्या हातांनी केले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. या पार्श्वभूमीवर श्रमजीवनाच्या मौखिक नोंदींचे स्वरूप, गरज आणि पद्धती यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. रायगड किनाऱ्यावरील पारंपरिक श्रमांचे परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२. शासकीय दप्तर आणि मौखिक स्मृती यांतील अंतर व त्याचे सामाजिक परिणाम तपासणे.
३. मौखिक साक्षीच्या विश्वसनीयतेचा विचार करणे.
४. अशा नोंदी घेण्यात स्थानिक महाविद्यालयांची भूमिका निश्चित करणे.

मौखिक इतिहासाची वाटचाल :

आधुनिक अर्थाने मौखिक इतिहासाचा आरंभ १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांच्या प्रयत्नाने झाला असे मानले जाते. प्रारंभी या उपक्रमाचा भर सार्वजनिक जीवनातील प्रमुख व्यक्तींच्या मुलाखतींवर होता. पुढे ही दिशा बदलली. स्टड्स टर्केल यांनी १९७४ मध्ये ‘वर्किंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या व्यवसायांतील सामान्य माणसे दिवसभर काय करतात आणि त्या कामाविषयी त्यांना काय वाटते, हाच त्याचा विषय होता. इंग्लंडमध्ये पॉल थॉम्प्सन यांच्या ‘द व्हॉइस ऑफ द पास्ट’ (१९७८) या ग्रंथाने या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली.

महाराष्ट्रातही या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे. मुंबईत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पॅरो’ या संस्थेने स्त्रियांच्या जीवनाचे ध्वनी व चित्ररूप दस्तऐवज जमविले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांचा संग्रह झाला. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावातील कामगारांचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने मांडला. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहाने ग्रामीण श्रमांना मध्यवर्ती स्थान दिले.

कोकणापुरता विचार केल्यास ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाच्या शीर्षकाकडे लक्ष वेधणे आवश्यक ठरते. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. आईच्या हातातील कामाचे नाव लेखिकेने आपल्या आत्मकथनाला दिले. श्रम हा केवळ उपजीविकेचा तपशील नसून जीवन समजून घेण्याची किल्ली आहे, हे त्यातून सूचित होते. रायगडच्या किनाऱ्याकडे पाहतानाही हीच दृष्टी उपयुक्त आहे.

एका वर्षातील अनेक धंदे :

शासकीय नोंदीत माणसाच्या नावापुढे सामान्यतः एकच व्यवसाय लिहिला जातो. तो शेतकरी असतो, मजूर असतो किंवा मच्छीमार असतो. किनाऱ्यावरील कुटुंबाचे वास्तव मात्र एवढे सरळ नव्हते. आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दाशी, म्हणजे मिठागराशी, जोडले जाते. या समाजाने भातशेती, मीठ पिकविणे आणि खाडीतील मासेमारी हे तिन्ही व्यवसाय केले. पावसाळ्यात खारजमिनीत भात, पाऊस सरल्यावर मिठागराची डागडुजी व उन्हाळ्यापर्यंत मिठाचा हंगाम, आणि सवड मिळेल तेव्हा खाडीत जाळे, अशी वर्षाची विभागणी अनेक घरांत होती. प्रत्येक घरात तिन्ही कामे होतच असतील असे नाही. परंतु एका कामावर वर्ष निभावणे अनेकांना शक्य नव्हते.

या तिन्ही कामांचा पाया एकच होता, तो म्हणजे भरतीच्या पाण्याचे नियमन. खारभूमीत समुद्राचे पाणी बाहेर ठेवावे लागते, मिठागरात ते मोजून आत घ्यावे लागते आणि मासेमारीत त्याच्या ओढीचा उपयोग करून घ्यावा लागतो. खारशेतीसाठी मातीचे बांध घातले जात. पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यासाठी आणि भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांधात उघाडी ठेवली जाई. उधाणाच्या वेळी बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरे आणि जमीन नापीक होई. त्यामुळे बांधाची राखण हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. अलिबाग परिसरात शेतकरी सामूहिक श्रमाने बांध दुरुस्त करीत. या पद्धतीस ‘जोळ’ असे नाव होते. पुढे मुंबई खारभूमी अधिनियम, १९४८ आणि महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ यांद्वारे या कामात शासनाचा सहभाग वाढला. योजना, खर्च आणि क्षेत्र यांची नोंद कागदावर होऊ लागली. परंतु कोणत्या वाऱ्यात बांधाचा कोणता भाग प्रथम खचतो, खांड भरताना चिखल कोठून काढावा आणि रात्रीच्या भरतीला राखणीस कोणी जावे, हे ज्ञान अनुभवी माणसांजवळच राहिले.

मिठागराचे कामही वरकरणी सोपे दिसते. समुद्राचे पाणी साठवावयाचे, टप्प्याटप्प्याने उन्हात आटवावयाचे आणि उथळ वाफ्यांत मीठ धरू द्यावयाचे, एवढेच त्याचे वर्णन पुस्तकात मिळते. प्रत्यक्षात वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. तो कच्चा राहिला तर पाणी मुरते आणि मिठात माती येते. पाणी किती दाट झाले हे डोळ्यांनी आणि हाताने ओळखावे लागते. मीठ ओढणे, टोपल्यांत भरणे, डोक्यावरून वाहणे आणि ढीग रचणे ही कामे खाऱ्या पाण्यात पाय ठेवून भर उन्हात करावी लागतात. अवकाळी पावसाची एक सर अनेक दिवसांचे श्रम विरघळवून टाकते. मिठाच्या इतिहासात कर आणि १९३० चा सत्याग्रह यांना मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या पदार्थावरून साम्राज्याला आव्हान दिले गेले, तो पदार्थ पिकविणाऱ्याच्या पायांची अवस्था काय होती, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला गेला.

दप्तरातील मौन :

चरी येथील शेतकरी संप हे दप्तर आणि स्मृती यांतील अंतराचे ठळक उदाहरण आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यात खोतांविरुद्ध कुळांनी संप पुकारला. परिसरातील पंचवीस गावे त्यात सहभागी झाली आणि तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. नेते, सभा, विधेयके आणि कायदे यांचा हा क्रम कागदपत्रांतून स्पष्ट होतो.

परंतु सुमारे सहा वर्षे शेत पडीक ठेवणारी कुटुंबे जगली कशी, या प्रश्नाचे उत्तर विधिमंडळाच्या कामकाजात मिळत नाही. लाकूडफाटा, खाडीतील मासे, बाहेरगावची मजुरी यांवर कोणत्या घराने किती दिवस काढले? खाडीत हाताने मासे, कालवे व शिंपल्या गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचा त्यात वाटा किती होता? संपाचे अर्थशास्त्र या तपशिलांत दडलेले आहे. १९३३ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज शंभरी ओलांडलेले असेल. म्हणजे या संपाच्या प्रत्यक्ष साक्षीचा काळ जवळजवळ संपला आहे. आता मुले आणि नातवंडे यांनी ऐकलेल्या हकिकतीच उपलब्ध होऊ शकतात. त्यांचेही मोल आहे. तथापि ऐकीव साक्ष आणि प्रत्यक्ष साक्ष यांतील फरक नोंदीत स्पष्ट दाखविणे आवश्यक आहे.

सातबारा उताऱ्याची मर्यादाही येथे लक्षात घेतली पाहिजे. त्यावर मालक आणि कूळ यांची नावे येतात. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव येत नाही. घरातील स्त्री लावणीपासून मळणीपर्यंत राबली तरी जमीन तिच्या नावावर नसल्यास उताऱ्याला तिची दखल नसते. खाडीला तर उताराच नसतो. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी डोल लावणाऱ्या कोळ्याचा हक्क गावाला मान्य असतो, परंतु तो सिद्ध करणारा कागद त्याच्या हाती क्वचितच असतो.

नोंद नसल्याची किंमत :

नोंद होणे अथवा न होणे हा केवळ इतिहासलेखनाचा प्रश्न नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. जमिनीला योग्य मोबदला मिळावा यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. हे यश मोठे होते. परंतु भूखंडाचा हक्क संपादित जमिनीच्या मालकीशी जोडलेला होता. मिठागरावर मजुरी करणारा, खाजणात मासे धरणारा किंवा टोपली घेऊन मासळी विकणारी स्त्री यांचे काम त्याच बदलात गेले. मात्र काम गमावल्याचा पुरावा कोणता द्यावयाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. बंदर आणि अन्य प्रकल्पांमुळे भरतीच्या पाण्याचे मार्ग अडले, खारफुटी नष्ट झाली आणि मासेमारीचे क्षेत्र गेले, अशी तक्रार उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडली. लवादाच्या पुणे येथील पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे ही रक्कम सुमारे ५.८४ लाख रुपये होते. जमिनीची मालकी नसतानाही उपजीविकेची हानी ही भरपाईयोग्य हानी आहे, हे तत्त्व या निर्णयातून अधोरेखित झाले.

इतिहासाच्या अभ्यासकाने या घटनेतून एक बोध घेणे आवश्यक आहे. बदल घडण्यापूर्वीच खाडीतील जागा, जाळ्यांचे प्रकार, मासळीच्या जाती, ऋतू आणि काम करणाऱ्या घरांची माहिती गावोगावी नोंदविलेली असती, तर उपजीविकेचा दावा मांडणाऱ्यांना बळकट आधार मिळाला असता. हानी झाल्यानंतर गतकाळ सिद्ध करणे कठीण असते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाल्याने या किनाऱ्यावरील बदलाचा वेग आणखी वाढला आहे. म्हणून ज्या खाड्यांवर अद्याप काम चालते, तेथील नोंदी आजच घेणे हिताचे ठरते.

स्मृतीची विश्वसनीयता :

मौखिक साधनांवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप म्हणजे स्मृती चुकते. हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. इटलीतील अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतील लुईजी त्रास्तुल्ली या कामगाराच्या मृत्यूचा अभ्यास केला. हा मृत्यू १९४९ मध्ये एका निदर्शनाच्या वेळी झाला होता. अनेक कामगारांच्या स्मृतीत मात्र तो १९५३ मधील कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनाशी जोडला गेला. पोर्तेल्ली यांनी ही केवळ चूक मानली नाही. कामगारांना कोणत्या लढ्याला त्या मृत्यूचा अर्थ द्यावासा वाटला, हे त्या चुकीतून कळते, असे त्यांनी दाखवून दिले.

रायगड किनाऱ्यावर ‘रामदास’ बोटीच्या दुर्घटनेची स्मृती या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि शेकडो प्रवासी मृत्युमुखी पडले. किनाऱ्यावरील लोक ही घटना गटारी अमावास्येशी जोडून सांगतात. पंचांगाशी ताडून पाहिल्यास ती आषाढ अमावास्येच्याच सुमारास घडल्याचे दिसते. म्हणजे इंग्रजी तारीख न सांगणारी स्मृतीही आपल्या कालगणनेत अचूक असू शकते. रेवस परिसरातील कोळ्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना आत घेतले, अशी हकिकत स्थानिक परंपरेत सांगितली जाते. दुर्घटनेच्या कागदपत्रांत वाचलेल्यांची संख्या येते. होडीतील मासळी हीच त्या दिवसाची कमाई होती, ही जाणीव श्रमकथेतूनच होते.

तिथी आणि भरती यांवर आधारलेली कालगणना हे किनाऱ्यावरील स्मृतीचे खास वैशिष्ट्य होय. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या आसपासचे भांग, नारळी पौर्णिमा आणि दिवाळी हे कामाच्या वर्षाचे टप्पे आहेत. डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते आणि खारबांधाला धोका उधाणाला असतो. यामुळे ‘हे कोणत्या साली झाले’ या प्रश्नाला उत्तर न देणारा वृद्ध माणूस ‘हे कोणत्या उधाणाला झाले’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर देऊ शकतो. मुलाखतकाराने आपले कॅलेंडर बाजूला ठेवून प्रथम सांगणाऱ्याचे वर्ष समजून घ्यावे आणि नंतर पंचांग, वृत्तपत्रे व दप्तर यांच्या साहाय्याने पडताळणी करावी.

नोंदीची पद्धती आणि महाविद्यालयांची भूमिका :

किनारपट्टीवरील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी याच श्रमिक कुटुंबांतून येतात. सांगणाऱ्याची बोली त्यांना येते आणि घराचे दार त्यांच्यासाठी उघडे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. या संधीचा उपयोग इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, भूगोल आणि प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे केल्यास आंतरविद्याशाखीय स्वरूपाचे मोलाचे काम उभे राहू शकेल. त्यासाठी पुढील बाबी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बाब म्हणजे मुलाखतीचा आरंभ जीवनातील मोठ्या घटनांऐवजी कामाच्या एका पूर्ण वर्षापासून करावा. दुसरी, शक्य तेथे मुलाखत बांधावर, बंदरावर किंवा जाळे विणताना घ्यावी, कारण हाताचे ज्ञान शब्दांत पूर्णपणे येत नाही. तिसरी, स्त्रियांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात. घरातील कर्ता पुरुष समोर असताना स्त्री आपल्या कामाला ‘मदत’ म्हणून संबोधण्याची शक्यता असते. चौथी, आगरी व कोळी बोलीतील निवेदन प्रमाणभाषेत बदलून न लिहिता जसेच्या तसे लिहावे. अवजार, वारा, चिखल आणि मासळी यांची नावे हीच ज्ञानाची साठवण आहे. प्रतिशब्द वापरला की ती नष्ट होते.

पाचवी बाब नैतिक स्वरूपाची आहे. मुलाखतीचा हेतू सांगणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवण्याचा आणि नोंद मागे घेण्याचा हक्क द्यावा. कर्ज, मजुरी, जमिनीचे वाद यांविषयीची माहिती उघड झाल्यास सांगणाऱ्याचे नुकसान होऊ शकते, याचे भान ठेवावे. तसेच ध्वनिमुद्रणाची एक प्रत कुटुंबाकडे आणि एक गावातील वाचनालयात किंवा शाळेत ठेवावी. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांनाच ती पुन्हा ऐकता येत नसेल, तर नव्या दप्तराची स्थिती जुन्या दप्तरासारखीच होईल.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. गतकाळ अधिक सुखाचा होता असे सांगण्याकडे वृद्धांचा कल असू शकतो. मिठागरातील श्रम कष्टाचे होते आणि जोळ पद्धतीतही सर्वांवर सारखा भार पडत होता असे गृहीत धरता येत नाही. जात, कर्ज आणि लिंगभाव यांचे ताण विचारल्याशिवाय समोर येत नाहीत. म्हणून एका गावातील मालक, कूळ, मजूर, कोळीण आणि कातकरी अशा निरनिराळ्या स्थानांवरील साक्षी एकत्र ठेवून पाहणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

रायगड किनाऱ्यावरील श्रमजीवन शेती, मीठ आणि मासेमारी या तीन स्वतंत्र कप्प्यांत मावत नाही. भरतीच्या पाण्याशी असलेले नाते हा त्यांना जोडणारा धागा आहे आणि तो मुख्यतः काम करणाऱ्यांच्या स्मृतीतच टिकून आहे. शासकीय दप्तराने मालकी आणि कर यांची नोंद केली. त्यामुळे मोबदल्याच्या वेळी मालकी दिसली आणि श्रम दिसले नाहीत. उरणच्या मच्छीमारांच्या दाव्याने उपजीविकेच्या नोंदीचे महत्त्व स्पष्ट केले आहे. मौखिक साक्ष दप्तराची जागा घेऊ शकत नाही, परंतु तिच्याविना दप्तर अर्धेच बोलते. चरीच्या संपाचे प्रत्यक्ष साक्षीदार आज जवळजवळ उरलेले नाहीत. मिठागरावर राबलेले, डोल लावणारे आणि १९८४ मध्ये तरुण असलेले स्त्री-पुरुष अद्याप आहेत. त्यांच्या साक्षी त्यांच्या हयातीतच नोंदविणे, हे या परिसरातील इतिहास विभागांपुढील तातडीचे कार्य आहे.